आयथ्री घेऊ का केडीई? हे भांडण सुरू कुठनं झालं

आमच्या सोलापूरच्या लिनक्सवाल्या पोरांत दर दोन महिन्यांनी हाच विषय निघतो, कोडिंगला आयथ्री घेऊ का केडीई, का गपगुमान ग्नोमवर राहू (लिनक्समध्ये स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारे हे वेगवेगळे प्रोग्राम), आणि मग रात्री बारापर्यंत वाद. पण निवडायची सोय मुळात आली कशी, त्यासाठी १९८४ पर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षी एमआयटीत एक्स विंडो सिस्टीम सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती, एक्स११, आली १९८७ ला. बनवणाऱ्यांनी ठरवलं की स्क्रीनवर चौकोन काढून द्यायचं काम आमचं, पण खिडकी कुठं बसवायची, तिला वर पट्टी पाहिजे का नको, ते दुसरा प्रोग्राम बघेल. तो दुसरा प्रोग्राम म्हणजे विंडो मॅनेजर. विंडोजमध्ये हे सगळं आतच शिवलेलं, त्यामुळं तिकडं सहसा कोणी विचारतच नाही की तू कुठला वापरतो.

मग ट्वीएम आलं, त्यातनं १९९३ ला एफव्हीडब्ल्यूएम निघालं, १९९६ ला केडीई आणि १९९७ ला ग्नोम, म्हणजे नुसता विंडो मॅनेजर नाही तर डेस्कटॉपचा अख्खा संसार.

आता गंमत बघा, टायलिंगला, म्हणजे खिडक्या फरशीसारख्या एकमेकींना लावून मांडण्याला, लोक लई नवीन समजतात पण १९८५ च्या विंडोज १.० मध्ये ॲप्लिकेशनच्या खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या, शेजारी शेजारीच बसायच्या. दोन वर्षांनी २.० मध्ये ते काढलं. प्रोग्रामर लोक मात्र २००० च्या आसपास परत तिकडंच वळले, आयन आलं, रॅटपॉयझन आलं (उंदराचं औषध, आणि उंदीर म्हणजे माउस, अजून काय सांगायचं). २००६ ला डीडब्ल्यूएम, त्याचा कोड २००० ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असा हट्ट, सेटिंग बदलायची तर सी भाषेतली कोडची फाइल उघडा आणि परत कंपाइल करा. २००७ ला एक्समोनॅड, त्याला हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा आली पाहिजे. २००९ ला मायकेल स्टॅपलबर्गनं आयथ्री काढलं, त्यात साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेटिंग आणि नीट डॉक्युमेंटेशन मिळालं, माझ्या मते टायलिंग आपल्यासारख्यांपर्यंत पोचलं ते त्यामुळंच. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना मांडीवर लॅपटॉप, माउसला जागा नाही, तिथं एडिटर आणि टर्मिनल कीबोर्डवरनं शेजारी लावता येणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही.

२०११ ला ग्नोम ३ आलं आणि उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर युनिटी बसलं, जुना मेनू गेला, लोक भडकले. त्यातनंच माते आणि सिनेमन जन्मले.

आणि आता एक्सच्या जागी येणारं वेलँड. काम २००८ पासूनचं, पण त्यात स्क्रीन सांभाळणारा आणि खिडक्या लावणारा एकच, कंपोझिटर. म्हणजे १९८४ ला जे वेगळं केलं होतं ते परत एकत्र, त्यामुळं नुसता विंडो मॅनेजर बदलायचा म्हटलं तरी आता सगळंच बदलतं. आयथ्रीवाल्यांची सोय झाली, वेलँडवरच्या स्वे नावाच्या कंपोझिटरला त्यांची जुनी सेटिंगची फाइल जवळपास तशीच चालते. मी तेच केलं, एका संध्याकाळचं काम. आमच्यातला एक्समोनॅडवाला मात्र अजून एक्स११ सोडत नाही, म्हणतो आठ वर्षांची हास्केलची फाइल आहे, ती कोण परत लिहिणार, तू लिहितो का?