वावडं, पित्त आणि ॲलर्जी: दाण्या-काजूच्या निदानामागची गोष्ट

खाणं न मानवण्यासाठी मराठीत एक जुना शब्द आहे, वावडं. 'त्याला वांग्याचं वावडं', 'हिला दुधाचं वावडं'. या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी भरतो. भाजी आवडत नाही, ते वावडं. दूध प्यायलं की पोट फुगतं, तेही वावडं. आणि काजूचा तुकडा खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजतात, तेही वावडंच. अंगावर गांधी उठल्या तर त्याला दुसरं नाव तयार असतं: पित्त उठलं. आमसुलाचं पाणी चोळायचं, झणझणीत काही खायचं नाही, दोन तासांत उतरतं.

हे नाव काही अडाणीपणातून आलेलं नाही. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात गांधीलमाशी चावल्यासारखी सूज असं अचूक वर्णन आहे. अडचण वर्णनाची नाही. 'पित्त' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो: काय खाल्ल्यावर?

माझ्या भाचीच्या बाबतीत तो प्रश्न राहून गेला. पाच वर्षांची असताना दिवाळीत तिने अर्धी काजू कतली खाल्ली आणि हातावरचे फराळाचे कण धुऊन येईपर्यंत तिच्या तोंडाभोवती लाल चट्टे आले. आजीने आमसूल भिजत घातलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळी दिली, पित्त म्हणाले. वर्षभराने एका लग्नात पिस्ते घातलेली बासुंदी खाऊन तिला उलटी झाली, खोकला सुरू झाला आणि आवाज बसला. तेव्हा कुठे घरात ॲलर्जी हा शब्द पहिल्यांदा गंभीरपणे उच्चारला गेला. एरवी आपण तो शब्द 'मला त्या माणसाची ॲलर्जी आहे' असाच वापरत असतो.

हा शब्द १९०६ सालचा. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो दोन ग्रीक शब्दांपासून घडवला. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव, टोचलेल्या मुलांना दुसऱ्या वेळी लवकर आणि जास्त त्रास होतो हे त्यांनी पाहिलं होतं. त्याआधी चार वर्षं, १९०२ मध्ये, फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून त्यांना त्याची सवय लावायचा प्रयत्न करत होते. झालं उलटं. नेपच्यून नावाचा कुत्रा पहिल्या वेळी ठणठणीत राहिला आणि तीन आठवड्यांनी थोडा डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मेला. जिवावर बेतणाऱ्या या झटक्याला रिशेंनी ॲनाफिलॅक्सिस म्हटलं आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 'पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तर काही झालं नव्हतं' असं आपण आजही म्हणतो, त्याचं उत्तर या कुत्र्यापाशी आहे. पहिल्या भेटीत शरीर फक्त ओळख करून घेतं.

त्वचेवर चाचणी घेण्याची कल्पना त्याहून जुनी. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच परागज्वर, म्हणजे परागकणांनी येणाऱ्या शिंका-सर्दीचा त्रास, होता. त्यांनी आपल्याच कातडीवर ओरखडे काढून त्यावर परागकण लावले आणि सूज मोजली. त्यांचं पुस्तक १८७३ मध्ये आलं. खाण्यापर्यंत ही युक्ती आणली ती न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी, १९१२ मध्ये. त्यांच्याकडे आलेल्या मुलाला अंडं, बदाम आणि ओट यांनी गांधी उठत. श्लॉस यांनी या पदार्थांचे अर्क करून त्याच्या कातडीवर ओरखड्यातून लावले आणि नेमक्या त्याच जागी फोड आले. या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे की आईवडिलांना कोणत्या पदार्थाने त्रास होतो याचा अंदाज आधीच होता. चाचणीने त्याला दुजोरा दिला.

मग रक्तात नेमकं काय असतं, हा प्रश्न उरला. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोघांनी तो स्वतःच्या अंगावर सोडवायला घेतला. क्युस्टनरना शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. त्यांचं सीरम प्राउस्निट्झनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथेच, आणि फक्त तिथेच, फोड आला. म्हणजे ॲलर्जी घडवणारं काहीतरी रक्तातून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. ते काहीतरी हाती लागायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी ते वेगवेगळ्या वाटांनी शोधलं. ते एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) निघालं. १९६८ मध्ये त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, हे नाव मिळालं. रक्तातलं विशिष्ट पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजण्याची पद्धतही स्वीडनमधल्या त्याच गटाकडून आली. आज पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की मिळणारा रिपोर्ट हा तिचाच वंशज.

पुण्याचा स्वतःचाही ॲलर्जीशी जुना परिचय आहे, फक्त तो वेगळ्या ॲलर्जीशी. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद पुण्याची, १९५५ च्या सुमाराची. या गवताने हातातोंडाची कातडी जाड होऊन खाजायला लागते. पण ही प्रतिक्रिया पेशींमार्फत, एक-दोन दिवसांनी येते. तिच्यात आयजीईचा संबंध नाही. म्हणून तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी बघायची पॅच टेस्ट असते. काजूने मिनिटांत येणाऱ्या सुजेसाठी पॅच टेस्टचा काही उपयोग नाही. तरीही 'माझी ॲलर्जी टेस्ट झालीय' म्हणणाऱ्यांना कोणती, असं विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही. हे विचारून घ्यायलाच हवं.

भाचीच्या वेळी ताईने केलं ते बहुतेक आईबाप करतील तेच. एका लॅबचं साठ-सत्तर पदार्थांचं पॅकेज घेतलं. रिपोर्टमध्ये काजू, पिस्ता, शेंगदाणे, हरभरा, गहू अशा बऱ्याच ओळींसमोर तांबडी खूण होती. आकडा ०.३५ च्या वर गेला की खूण. गहू सोडणं शक्य नव्हतं म्हणून सोडला नाही, पण दाणे बंद झाले. पुणेरी स्वयंपाकघरात दाणे बंद म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, दाण्याची आमटी, लोणावळ्याहून येणारी चिक्की. कुटाचा डबा फडताळातून माळ्यावर गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला.

आयजीई सापडलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, इतकंच. त्रास होईलच असं नाही. परागकणांमधली आणि दाण्यांमधली काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात, त्यामुळेही खूण तांबडी होते. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई आढळलं. प्रत्यक्ष ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र १.२ टक्क्यांच्याच बाबतीत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पॅकेज टेस्टने किती घरांतले डबे माळ्यावर जात असतील याची कल्पना येते. काही ठिकाणी तर आयजीईऐवजी आयजीजी हे दुसऱ्याच प्रकारचं प्रतिपिंड मोजून 'फूड इनटॉलरन्स'चा लांबलचक रिपोर्ट देतात. आयजीजी हे तो पदार्थ आपण खात आलो आहोत याची खूण आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच निदानासाठी ते वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. त्यावर कुणीही पैसे घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

अखेर ज्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "आधी त्या दिवशीचं सांगा. किती खाल्लं? किती मिनिटांनी काय झालं? त्याआधी ती दाणे खात होती का?" ताई म्हणाली, "खात होती की. दर चतुर्थीला खिचडी, कधी काही झालं नाही." बाईंनी ते वाक्य कागदावर लिहून खाली रेघ ओढली.

मग प्रिक टेस्ट. त्याआधी आठवडाभर सर्दी-खाजेच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या, नाहीतर फोडच येत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने आकडे लिहिले, प्रत्येकाशेजारी अर्काचा एकेक थेंब आणि थेंबातून एक बारीक टोच. रक्त येत नाही. एका टोकाला नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही यायला नको. दुसऱ्या टोकाला हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीर जे सोडतं ते रसायन, तिथे फोड यायलाच हवा. पंधरा मिनिटं हात टेबलावर ठेवून खाजवायचं नाही, हे सात वर्षांच्या पोरीसाठी सगळ्यात अवघड. मग पारदर्शक पट्टीने मोजमाप. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटर मोठा फोड म्हणजे पॉझिटिव्ह. काजूचा नऊ, पिस्त्याचा आठ, दाण्याचा जेमतेम तीन.

काजू आणि पिस्ता जोडीने आले यात नवल नाही. दोन्ही एकाच कुळातली, आंब्याच्याच कुळातली, आणि त्यांची प्रथिनं सख्ख्या भावंडांसारखी. शेंगदाणा मात्र झाडावरचा सुकामेवा नव्हेच. तो हरभऱ्या-मुगाच्या गोतातला आणि जमिनीखाली वाढणारा. एकाची ॲलर्जी म्हणून दुसरा आपोआप वर्ज्य होत नाही. अलीकडे अख्ख्या दाण्याऐवजी त्यातलं एकेक प्रथिन वेगळं तपासता येतं. दाण्यात 'आरा एच २' आणि काजूत 'आना ओ ३' यांच्याविरुद्ध आयजीई असेल तर खरी ॲलर्जी असण्याचा संभव बराच वाढतो.

आणि तरी शंका उरलीच, तर खाऊन बघायचं, पण रुग्णालयात. अमेरिकेत चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दम्याच्या मुलांवर ही पद्धत शिस्तीत वापरली. काय दिलं आहे हे मुलालाही माहीत नाही आणि निरीक्षण करणाऱ्यालाही नाही. आईबापांची खात्री असलेल्या अनेक ॲलर्जी त्यात टिकल्या नाहीत. निदानाची सर्वांत भरवशाची चाचणी आजही हीच.

दाणे टाळूनच ॲलर्जी टळते, ही समजूतही अशीच कोसळली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी गिडियन लॅक यांच्या लंडनमधल्या गटाने दाखवलं की इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट आहे, आणि इस्रायलमध्ये बाळं दाण्याचा खाऊ लवकर खातात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. २०१५ मध्ये निकाल आला: पाच वर्षांची होईपर्यंत दाणे टाळलेल्यांत १७.२ टक्क्यांना ॲलर्जी झाली, नियमित खाल्लेल्यांत ३.२ टक्क्यांना. (अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच देऊ नये, घशात अडकतो. पातळ केलेलं बारीक कूट चालतं. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.)

कायद्यानेही थोडी दखल घेतली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणे आणि सुकामेव्याचा स्वतंत्र उल्लेख असावा लागतो. गणपतीतल्या प्रसादाच्या द्रोणाला आणि पंगतीतल्या बासुंदीला लेबल नसतं, तिथे विचारावंच लागतं.

भाचीची दाण्याची परीक्षा एका शनिवारी झाली. सकाळी हाताला सुई लावून ठेवली, शेजारी ॲड्रेनालिन, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसवरचं तातडीचं औषध, भरून. पहिल्यांदा दह्यात चिमटीच्या टोकावर मावेल एवढं कूट. वीस मिनिटांनी त्याच्या दुप्पट, मग आणखी दुप्पट. दर वेळी छाती, कातडी, रक्तदाब तपासून. शेवटच्या वाटीपर्यंत एकूण पंधरा-सोळा दाणे झाले. त्यानंतर दोन तास थांबवून ठेवलं. काही झालं नाही. कुटाचा डबा माळ्यावरून खाली आला.

काजू आणि पिस्ता बंदच आहेत. परदेशात मांडीत टोचायचं ॲड्रेनालिनचं पेन मिळतं, आपल्याकडे दुकानात ते सहजासहजी मिळत नाही, म्हणून ताईने ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज वापरायला शिकून घेतलं. भाचीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक पिशवी असते आणि त्यात डॉक्टरांच्या सहीचा कागद: काजू, पिस्ता. वजन २६ किलो. ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम प्रति मिली, ०.२६ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि लगेच रुग्णालय. दर सहा महिन्यांनी वजन करून ताई तो कागद बदलून घेते.