सीडर नदी (आयोवा): प्रवाह आणि पार्श्वभूमी

सीडर ही अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातली नदी. मिनेसोटा राज्याच्या दक्षिण टोकाला उगम पावते, आग्नेयेकडे आयोवा राज्यात शिरते, वाटेत शेल रॉक, वेस्ट फोर्क, ब्लॅक हॉक क्रीक असे प्रवाह घेत चार्ल्स सिटी, वेव्हर्ली, सीडर फॉल्स, वॉटर्लू, सीडर रॅपिड्स अशी गावं करत शेवटी कोलंबस जंक्शनजवळ आयोवा नदीला मिळते आणि ते पाणी पुढे मिसिसिपीत जातं. लांबी साधारण 540 किलोमीटर.

प्रवाह मोजायचं मुख्य ठिकाण म्हणजे सीडर रॅपिड्स शहर. तिथे 1902 पासूनच्या नोंदी आहेत आणि वरचं पाणलोट क्षेत्र 6,510 चौरस मैल, म्हणजे जवळपास 17 हजार चौरस किलोमीटर. केंद्र सरकारचं भूसर्वेक्षण खातं हे केंद्र चालवतं. यंत्र सतत मोजतं ती फक्त पाणीपातळी, प्रवाह नाही. कर्मचारी अधूनमधून नदीवर जाऊन पाण्याचा वेग आणि पात्राचा छेद मोजतात, त्यावरून अमुक पातळीला अमुक क्युसेक असा आलेख बनतो आणि रोजचा आकडा त्यातून निघतो (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, आपल्या धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांमधला तोच). थंडीत बर्फ धरला की हा आलेख नीट चालत नाही कारण बर्फामुळे पाणी तुंबून पातळी चढते पण वाहणारं पाणी काही वाढलेलं नसतं, त्यामुळे डिसेंबर ते मार्चचे आकडे जरा जपूनच वाचावेत.

नुसता आकडा बघून नदी भरलीये की आटलीये ते कळत नाही. त्याच तारखेला आधीच्या शंभरेक वर्षांत किती पाणी होतं त्याच्याशी तुलना करतात, मधल्या निम्म्या वर्षांच्या पट्ट्यात बसलं तर नॉर्मल. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, मे-जूनमध्ये वादळी पाऊस, त्यामुळे वसंतात भरपूर वाटणारं पाणी तिथे अगदी साधारण असतं, आणि तेवढंच पाणी सप्टेंबरात आलं तर ती बातमी होते.

आकड्यांखेरीज दुसरी गोष्ट जमिनीची, आणि मला वाटतं हीच जास्त महत्त्वाची. पूर्वी इथे गवताळ माळ आणि पाणथळ जागा होत्या, आता मका आणि सोयाबीन. शेत लवकर कोरडं व्हावं म्हणून जमिनीखाली निचऱ्याचे पाईप टाकलेत, त्यातून पाणी ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत येतं, सोबत खतातलं नायट्रेट पण येतं. सीडर रॅपिड्सचं पिण्याचं पाणी नदीकाठच्या गाळाच्या थरातल्या विहिरींमधून उपसतात, आणि त्या विहिरींत नदीचंच पाणी झिरपतं, त्यामुळे शेकडो किलोमीटर वरच्या शेतात काय टाकलं जातं हा या शहराचा रोजच्या पाण्याचा प्रश्न आहे.

पूर अडवायला या नदीवर मोठं धरण नाही. शेजारच्या आयोवा नदीवर कोरलव्हिलचं धरण आहे, सीडरवर तसं काही नाही, त्यामुळे वर पडलेलं पाणी खाली येणारच. 2008 साली तेच झालं. हिवाळाभर बर्फ, ओला वसंत, जमीन आधीच भिजून भरलेली आणि त्यावर जूनच्या सुरुवातीला मुसळधार पाऊस. 13 जूनला सीडर रॅपिड्समध्ये पातळी 31.12 फुटांवर गेली. पूर पातळी 12 फूट आणि त्याआधीचा उच्चांक 1851 आणि 1929 मधला 20 फूट, म्हणजे जुना विक्रम तब्बल 11 फुटांनी मोडला! प्रवाह सुमारे 1 लाख 40 हजार क्युसेक होता, एरवी सरासरी काही हजारच असते. शहराचा 10 चौरस मैल भाग पाण्याखाली गेला, महापालिकेची इमारत तर नदीतल्याच मेज आयलंड बेटावर होती, ती पण बुडाली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली.

सप्टेंबर 2016 मध्ये पाणी परत सुमारे 22 फुटांपर्यंत चढलं, नोंदीतला दुसरा मोठा पूर. यावेळी अंदाज काही दिवस आधी मिळाला होता, मग वाळू भरलेल्या जाळीच्या पेट्या रचून मैलोन्‌मैल तात्पुरती भिंत उभी केली आणि शहराचा बराचसा भाग वाचला. त्यानंतर दोन्ही काठांवर कायमच्या भिंती, बांध, दरवाजे आणि पंपांचं काम हाती घेतलंय, ते टप्प्याटप्प्याने होणारं आहे. वरच्या भागातल्या शेतांत पाणी अडवायचे, जिरवायचे उपाय पण चालू आहेत, पण क्षेत्र एवढं मोठं की त्याचा परिणाम छोट्या पुरांवर आणि नायट्रेटवर आधी दिसेल, 2008 सारख्या पुराला शहरातल्या भिंतीच लागणार.