स्कॉटलंडचे प्रश्न लंडनला? नाही हो!

स्कॉटलंडमधल्या हॉस्पिटलांचा, शाळांचा जाब लंडनमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांना विचारतात असं अजूनही सर्रास सांगितलं जातं, पण तसं नाहीये. 1999 पासून हे विषय एडिंबरातल्या स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेकडे आहेत आणि तिथले 129 सदस्य दर गुरुवारी दुपारी 12 ला थेट फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखाला धरतात, अधिवेशन चालू असेल तेव्हा अर्थात. टीव्हीवर दिसते ती ही जुगलबंदी, खरी मजा मात्र लेखी प्रश्नांत आहे, म्हणजे एखादा साधा सदस्य हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टचा आकडा मागतो, प्रश्नाला नंबर पडतो (2021 च्या, म्हणजे सहाव्या संसदेत सुरुवात 'एस6डब्ल्यू'ने, डब्ल्यू म्हणजे लेखी) आणि साधारण 10 कामकाजाच्या दिवसांत मंत्र्याचं उत्तर सगळ्यांना वाचायला मिळतं. डिफेन्सचं मात्र लंडनलाच विचारायचं.