ढिला आहे म्हणून घट्ट धरतो

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी होल्डफास्ट मागितला, तर दुकानदाराने विचारलं, "किती चौकटींसाठी?" त्याचं बरोबरच होतं. दाराची चौकट भिंतीत पक्की बसावी म्हणून तिला जी लोखंडी पट्टी ठोकतात आणि काँक्रीटमध्ये गाडून टाकतात, तिलाच आपल्याकडे होल्डफास्ट म्हणतात. मला हवा होता तो सुतारी बेंचावर काम चालू असताना लाकूड दाबून धरणारा. नाव तेच, पण काम वेगळं. एक कायमचा गाडायचा, दुसरा दिवसातून पन्नास वेळा लावायचा आणि काढायचा.

शेवटी तो मी लोहाराकडून करून घेतला. पाऊण इंची गोल बार, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकवलेलं आणि त्या टोकाला ठोकून चपटं केलेलं पाऊल. एवढंच. त्याला आटे नाहीत, नट नाही, स्प्रिंग नाही. बेंचाच्या फळीला आरपार भोक पाडायचं, त्यात दांडा सोडायचा, पाऊल लाकडावर टेकवायचं आणि वरच्या वाकावर हातोड्याचा एक घाव घालायचा. लाकूड असं बसतं की रंधा मारा, पटाशी चालवा, ते हलत नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला भोकाचं नवल वाटतं. दांडा १९ मिलिमीटरचा आणि भोक २० चं. दांडा दोन बोटांनी उचलला तर सहज वर येतो, सोडला तर खाली घसरतो. इतका ढिला दांडा एका घावात घट्ट कसा होतो? मलाही आधी वाटलं होतं की भोक जितकं नेमकं, तितकी पकड चांगली. प्रत्यक्षात उलटं आहे. दांडा भोकात तंतोतंत बसला तर होल्डफास्ट कामच करत नाही. त्याला तिरकं व्हायला जागा लागते.

घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगतो. एक लोखंडी सळी उभी धरा आणि तिच्यात एक मोठा रिंग पाना ओवा. पान्याचं कडं सळीपेक्षा थोडं मोठं हवं. आता पाना सोडून द्या. तो खाली पडत नाही, किंचित तिरका होऊन सळीवर अडकून राहतो. पान्याच्या दूरच्या टोकाला भाजीची पिशवी अडकवा, तरी तो सरकत नाही. उलट जास्तच घट्ट होतो. मग पिशवी काढून अगदी कड्याजवळ, सळीला लागून बोटाने दाबा. पाना लगेच घसरतो. म्हणजे वजन किती आहे याला इथे फारसं महत्त्व नाही. ते सळीपासून किती लांब आहे, यावर सगळं ठरतं.

होल्डफास्टमध्ये हेच घडतं, फक्त उलट्या दिशेने. घाव बसला की पाऊल लाकडाला खाली दाबतं आणि लाकूड पावलाला वर ढकलतं. हा वर ढकलणारा जोर दांड्याच्या रेषेत नसतो, वीतभर बाजूला असतो. त्यामुळे दांडा भोकात कलतो. वरच्या कडेला त्याची पाठ टेकते आणि खालच्या कडेला समोरची बाजू. अख्ख्या भोकात दांडा लाकडाला खऱ्या अर्थाने या दोनच जागी भिडलेला असतो.

आता थोडा हिशेब. माझ्या बेंचाची बाभळीची फळी ७५ मिलिमीटर जाड आहे आणि पाऊल दांड्याच्या मध्यापासून १५० मिलिमीटरवर पडतं. समजा, पाऊल लाकडाला ५० किलो वजनाइतक्या जोराने दाबतंय. तरफेच्या नियमाने भोकाच्या त्या दोन्ही जागांवर प्रत्येकी १५० भागिले ७५, म्हणजे दुप्पट, १०० किलोचा दाब येतो. दोन्ही मिळून २००. दांडा वर निसटू नये यासाठी घर्षणाने ५० किलो पेलायला हवेत, म्हणजे दाबाच्या फक्त पाव भाग. कोरडं लोखंड आणि लाकूड यांच्यातलं घर्षण साधारणपणे दाबाच्या ०.२ ते ०.६ पट असतं. लोखंड फार गुळगुळीत नसेल, तर पाव भाग सहज मिळतो.

या हिशेबात ५० किलोच्या जागी १०० घाला किंवा ५०० घाला, लागणारा भाग पावच राहतो. पाऊल जितक्या जोराने वर ढकललं जाईल, तितक्याच प्रमाणात भोकातला दाब वाढतो आणि पकडही वाढते. जो जोर दांड्याला उपटायला बघतो, तोच त्याला आवळतो. मला या साध्या लोखंडातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. या स्थितीचं गणित एका ओळीत मावतं: फळीची जाडी भागिले पावलाच्या अंतराची दुप्पट, हा आकडा घर्षणाच्या आकड्यापेक्षा लहान हवा. त्यात वजन कुठेच येत नाही.

संपर्काची जागा इतकीशी, तरी पकड एवढी कशी, ही शंका रास्त आहे. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर नाही, दाबावर अवलंबून असतं, हे फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडलं आणि कूलाँ यांनी १७८५ मध्ये बारकाईने मोजून पक्कं केलं. सुतार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या गुणावर विसंबून होते. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन गावात एक भित्तिचित्र सापडलं होतं. त्यात सुतारकाम करणाऱ्या पंखवाल्या बालकांपुढच्या बेंचावर असाच वाकडा लोखंडी दांडा लाकूड दाबून उभा आहे.

फळीच्या जाडीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. जाड फळी म्हणजे भक्कम पकड, असं वाटणं साहजिक आहे. पण फळी १५० मिलिमीटरची घेतली तर घर्षण पाव नाही, निम्मं लागतं, आणि दांडा निसटायला लागतो. अशा वेळी भोक खालच्या बाजूने मोठं करून घेतात, म्हणजे दांड्याला भिडणारी जाडी कमी होते. दुसऱ्या टोकाला १८ मिलिमीटरचा प्लायवूड घ्या. निसटण्याचा प्रश्न उरत नाही, पण त्याच ५० किलोसाठी भोकाच्या कडांवर ४०० किलोहून जास्त दाब येतो आणि कडा चिरडतात. आठवडाभरात भोक लांबट होतं. प्लायवूडचाच बेंच असेल तर भोकाखाली चांगल्या लाकडाचा ठोकळा चिकटवून एकूण जाडी ६० ते ७५ मिलिमीटर करावी आणि मग भोक पाडावं. भोक गुण्या लावून अगदी सरळ पाडा, त्यात तडजोड नको.

कपाटाचा रुंद पण आखूड ड्रॉवर एका कडेला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, तोही याच गणिताने. तिथे तो त्रास असतो, इथे तोच गुण कामाला येतो.

घावाचं काम काय, हे अजून राहिलं. घाव बसतो तेव्हा दांडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली सरकतो आणि वरची कमान किंचित ताणली जाते. पोलाद लवचिक असल्याने ती कमान ताणलेल्या धनुष्यासारखी राहते आणि पावलाला सतत खाली दाबत राहते. कमान अजिबात वाकली नसती, तर दांडा केसभर सरकताच सगळा दाब गेला असता. म्हणूनच साध्या बिडाचा होल्डफास्ट मी कुणालाच सुचवणार नाही. बीड ठिसूळ असतं, ते ताण साठवण्याआधी मोडतं.

माझा पहिला होल्डफास्ट धरतच नव्हता. बार चकचकीत ब्राइट बारचा होता आणि गंज लागू नये म्हणून मी त्याला तेलाचा हातही दिला होता. घाव घातला की क्षणभर बसायचा आणि रंधा मारताच उडून वर यायचा. तेल पुसून काढलं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दांडा गोल गोल घासून त्यावर आडव्या रेघा पाडल्या आणि त्याच दिवशी तो बसला. उभ्या घासू नका. सरकण्याची दिशाही उभीच असते, त्यामुळे उभ्या रेघांचा उपयोग होत नाही.

काढताना मात्र जोर लावायचा नाही. दांड्याच्या पाठीवर, कमानीखाली, बाजूने हातोड्याची एक टिचकी मारली की तो सरळ होतो, भोकातले दोन्ही दाब सुटतात आणि दांडा पुन्हा दोन बोटांत येतो. बेंचाच्या शिकंज्यातही घर्षणच पकड टिकवतं, कारण आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली पाचर. पण त्याला फेरे द्यावे लागतात. इथे लावायला एक घाव आणि काढायला एक टिचकी.

मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलं की काम घट्ट धरण्याचा हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला दिसतो. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि तिथून ही परंपरा उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथले कारागीर जमिनीवर बसतात. तानपुऱ्याची दांडी किंवा भोपळा पायांत धरतात, टाचेने आणि बोटांनी दाबतात आणि दोन्ही हात हत्याराला मोकळे ठेवतात. बेंच नाही म्हणून ही पद्धत मागासलेली, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. भोपळ्यासारख्या गोल, पातळ वस्तूवर होल्डफास्टचं पाऊल टेकवलं तर ती तडकेल. माणसाचं पाऊल तिच्या गोलाईप्रमाणे वळतं, कुठे किती दाबायचं ते त्याला कळतं आणि दर क्षणाला ते दाब कमीजास्त करतं. होल्डफास्ट लागतो तो सपाट, जड लाकडाला, जिथे पटाशीचा घाव पायाला झेपत नाही किंवा करवत पायाच्या फार जवळ येते. पाऊल आणि लाकूड यांच्यामध्ये फळीचा एक तुकडा घालायला मात्र विसरू नये, नाहीतर लोखंडाचा वळ कामावर उमटतो.

जवारी लावणारे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवणारे कारागीर तिचा पृष्ठभाग कानाने जोखतात. होल्डफास्टही कानानेच जोखावा लागतो, हे मला त्यांच्याकडे पाहून सुचलं. दांडा सैल असतो तोवर घाव सरकण्यात जिरतो आणि आवाज बद्द येतो. दांडा भोकात अडला की लोखंड आणि बेंच एकजीव होतात आणि घाव खणखणीत वाजतो. बाभळीच्या माझ्या फळीवर पहिला घाव बद्द, दुसरा अर्धवट आणि तिसरा टण्ण. टण्ण ऐकू आला की हातोडा खाली ठेवतो आणि पटाशी उचलतो.