ब्रेक ऑइल : वाहनानुसार निवड

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पेडलाचा किंवा लिव्हरचा दाब चाकापर्यंत पोचवणारा द्रव. गॅरेजमध्ये त्याला ऑइल म्हणत असले, तरी बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल ईथरवर आधारलेले रसायन असते. त्यात चुकून इंजिन ऑइल पडले तर मास्टर सिलिंडरची (पेडलाचा दाब द्रवाला देणाऱ्या भागाची) रबरे फुगतात आणि खर्च थेट किटपर्यंत, म्हणजे रबरांच्या पूर्ण संचापर्यंत जातो.

प्रतवारी ‘डॉट’ (अमेरिकेच्या परिवहन खात्याचे आद्याक्षरी नाव) क्रमांकाने होते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. हा द्रव हवेतली ओल शोषतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० पर्यंत खाली येतात. डबा घेताना बघावा तो हा दुसरा आकडा.

माणसांनी भरलेली जीप कन्नडहून घाट उतरून चाळीसगावकडे निघाली, की फरक कळतो. ब्रेक दाबून धरल्याने चाकाजवळचा द्रव तापतो, त्यातले पाणी उकळते. वाफ दबते, दाब पुढे जात नाही आणि पेडल तळाला टेकते. मराठवाड्याची हवा कोरडी म्हणून ऑइल टिकते, हा समज अर्धाच खरा. रबरी होजमधूनही ओल शिरते, आणि त्याला पावसाळा पुरतो. उन्हाळ्यातले ४२ अंश मात्र ब्रेकच्या उष्णतेपुढे किरकोळच.

कोणता क्रमांक घ्यायचा ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेले असते. मेकॅनिकच्या सवयीपेक्षा ते प्रमाण मानावे. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ सहसा चालते, उलट करू नये. डॉट ५ सिलिकॉनचे, नावाने ५.१ च्या जवळचे असले तरी ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत तर नकोच. ड्रम ब्रेकच्या साध्या मोटारसायकलला केबल किंवा रॉड असतो, ऑइल लागत नाही. मोठे ट्रक आणि एसटी हवेच्या दाबावर थांबतात. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरांचे ब्रेक ट्रान्समिशनच्या तेलातच बुडालेले असतात. तिथे डॉटचा डबा घातक.

साधारण दोन वर्षांनी जुने ऑइल काढून, चाकाजवळच्या निपलमधून एअर (आत अडकलेली हवा) काढत नवे भरतात. झाकण उघडून महिनोन्‌महिने पडलेला डबा वापरू नये. थेंब रंगावर पडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सुटतो.