श्रीलंकेची सहल: आधी महिना, मग ठिकाणे

श्रीलंकेत कोणती ठिकाणे पाहावीत, असे ग्राहक आम्हाला सर्वप्रथम विचारतात. आमच्या मते त्याआधी जाण्याचा महिना ठरवणे आवश्यक आहे, कारण या बेटावर पाऊस दोन वेळा आणि दोन दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे बेंटोटा, उनावटुना, मिरिस्सा या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यांवर समुद्र खवळलेला असतो. त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीजवळच्या निलावेली आणि उप्पुवेली येथील पाणी मात्र शांत असते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दक्षिण किनारा अनुकूल असतो आणि मिरिस्साहून देवमासे पाहण्यासाठी बोटी सुटतात, ते याच हंगामात. म्हणून एका आठवड्याच्या सहलीत दोन्ही किनारे बसवण्याचा आग्रह कृपया धरू नये.

प्राचीन नगरे बेटाच्या कोरड्या, उत्तर-मध्य भागात आहेत. अनुराधपुर ही इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून राजधानी होती, आणि संघमित्रेने भारतातून आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला मानला जाणारा वृक्ष तेथे आजही पुजला जातो. येथे अवशेषांइतकेच भाविकही दिसतात, त्यामुळे घाईने फिरण्याचे हे ठिकाण नव्हे. पोलोन्नरुव त्यामानाने आटोपशीर आहे. तेथील गल विहारात एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती असून त्यांतील शयनमूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. एकच नगर पाहण्याइतका वेळ असल्यास आम्ही पोलोन्नरुव सुचवतो. बाराव्या शतकातील पराक्रमबाहू राजाच्या नावाने ओळखला जाणारा तेथील विशाल तलाव संध्याकाळी अवश्य पाहावा, कारण अशा तलावांवाचून या कोरड्या प्रदेशात एवढी नगरे उभीच राहिली नसती.

सिगिरिया हा सुमारे २०० मीटर उंचीचा कातळ असून पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. चढण सुमारे १,२०० पायऱ्यांची आहे आणि दहानंतर ऊन असह्य होते, म्हणून आमची गाडी पहाटेच निघते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चढण्याचे धाडस करू नये. पायथ्याच्या जलोद्यानांत दोन तास सहज जातात, आणि तेथील कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात. कातळावरील भित्तिचित्रांचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. जवळच्या दांबुल्ल येथील लेणी त्याच दिवशी पाहता येतात.

कँडीतील दंतधातू मंदिर (बुद्धांचा मानला जाणारा दात जेथे जतन केला आहे) पाहून दक्षिणेस उतरल्यावर गॉल लागते. पोर्तुगीजांनी आरंभलेला आणि सतराव्या शतकात डचांनी भक्कम केलेला तेथील किल्ला हे आजही लोकवस्तीचे गाव आहे. तटावरून चालत सूर्यास्त पाहावा आणि समुद्रस्नानासाठी शेजारच्या उनावटुनाला जावे.

मंदिरांत खांदे व गुडघे झाकणारे कपडे आवश्यक आहेत. पादत्राणे बाहेर काढावी लागतात. दुपारी दगड तापत असल्याने मोजे जवळ ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमानास्पद समजले जाते. प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’च्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद राहते आणि मंदिरांत मोठी गर्दी होते. आपल्या तारखांत पौर्णिमा येत असल्यास नोंदणीच्या वेळीच आम्हाला सांगावे, म्हणजे त्या दिवशीचा मुक्काम किनाऱ्यावर ठेवता येईल.