पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचा प्रारंभिक व्यायाम व वेदनानियंत्रण

कमरेच्या मणक्यांमधील सरकलेली गादी (चकती) काढल्यावर रुग्णाला लवकर चालते करण्याची आणि त्यासाठी वेदना आटोक्यात ठेवण्याची उपचारपद्धती. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवण्याचा विचार एमिल रीस यांनी शिकागोत १८९९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांसंदर्भात मांडला होता. तो रुळला मात्र साधारणतः दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. सायटिकाचा (कमरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेचा) गादीशी असलेला संबंध मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखवला. यासारगिल व कास्पार यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. पुढे छेद लहान झाला आणि दीर्घ विश्रांतीची गरज कमी झाली.

बसण्यावरील निर्बंध मात्र टिकून राहिले. त्यांना आधार मिळाला तो स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांच्या १९६० च्या दशकातील मोजमापांचा. गादीत सुई घालून केलेल्या या मोजमापांत बसल्यावरचा दाब उभे असतानाच्या दाबापेक्षा जास्त आढळला. विल्के व सहकाऱ्यांना मात्र १९९९ मध्ये सैल उभे असताना ०.५०, आधाराविना सैल बसल्यावर ०.४६ आणि उताणे झोपल्यावर ०.१० मेगापास्कल (दाबाचे एकक) दाब मिळाला. पाठ वाकवून २० किग्रॅ. वजन उचलताना तो २.३ वर गेला. हे मोजमाप एकाच व्यक्तीचे, शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या गादीचे आहे. तरीही, बसण्यापेक्षा वाकून उचलणे टाळावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅरेजी यांनी १९९६ मध्ये मर्यादित शस्त्रक्रियेनंतर निर्बंध उठवले, तेव्हा रुग्ण कामावर लवकर परतले आणि गुंतागुंत वाढली नाही.

सुरुवातीला कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठणे, घोटे हलवणे व थोडे थोडे चालणे एवढेच अपेक्षित असते. नियोजित व्यायामक्रम बहुधा चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यानुसार अशा व्यायामाने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही. पुरावा मात्र कमी दर्जाचा आहे.

पॅरासिटामॉल व दाहशामक औषधे एकत्र दिल्यास अफूजन्य औषधे कमी लागतात. तीही थोडेच दिवस द्यावीत. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत दाहशामकांविषयी मतभेद आहेत. ग्लासमन व सहकाऱ्यांना १९९८ मध्ये किटोरोलॅक हे दाहशामक घेतलेल्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण जास्त आढळले. अल्पकाळ व कमी मात्रेत ही औषधे चालतात, असे नंतरच्या अभ्यासांवरून दिसते. लघवी अडणे, जांघेत बधिरता किंवा पायातील शक्ती घटणे या लक्षणांत व्यायाम थांबवून तातडीने तपासणी करावी लागते.